इस्लामच्या वतीने दहा मिनिटं

"मॅडम, एक विनंती होती. दोन ऑक्टोबरला आपल्याकडं सर्वधर्म परिसंवाद ठेवलाय. इस्लामच्या वतीने तुम्ही बोलायचं. दहाच मिनिटं."

हा फोन २०२४ च्या सप्टेंबरात आला. बोलावणारी धाराशिवची एक सामाजिक संस्था. माणसं भली, थोडीफार ओळखीची. मी नळदुर्गला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. स्टेज मला नवीन नाही. पंधरा ऑगस्टचं सूत्रसंचालन माझ्याकडंच असतं, शिक्षण परिषदेत दोनशे मास्तरांसमोर उभी राहिलेय. माईकची भीती कधीच मोडलीय. तरीपण फोन ठेवला आणि पोटात गोळा आला.

शाळेच्या वतीने दोन शब्द बोलायचे तरी मी मुख्याध्यापकांना विचारून बोलते. इस्लामच्या वतीने बोलायला मला कुणी नेमलं? आणि नेमणार तरी कोण?

मीच का, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. आधी एका प्राध्यापकांना विचारलं होतं, त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. दुसरे परगावी जाणार होते. "आणि तुमचं मराठी किती शुद्ध आहे! वाटतच नाही." हे 'वाटतच नाही' मी लहानपणापासून ऐकतेय. डी.एड.ला ऐकलं, प्रशिक्षणात ऐकलं, लोकांच्या लग्नात पंगतीला बसल्यावर ऐकलं. माझे वडील मराठी शाळेत शिकले, मी मराठी शाळेत शिकले, आता मराठीच शिकवते. माझं मराठी बरं नसेल तर कुणाचं असायचं? पण दुकानदारानं सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर टेकवावं आणि आपण मुकाट्यानं पिशवीत टाकावं, तसं हे कौतुक मी घेत आलेय.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "मॅडम, ते डोक्यावरचं घेऊन याल ना? म्हणजे लांबूनही लगेच कळतं." मी साडी नेसते आणि आमच्या गल्लीत डोक्यावर पदर घेते, माझी आई घ्यायची तसा. बुरखा मी घालत नाही, माझी धाकटी जाऊ घालते. त्यांच्या मनात फोटो तयार होता. एक भगवं वस्त्र, एक चीवर, एक पांढरा झगा आणि एक काळा बुरखा. मला राग आला नाही. फक्त कळलं, की माझ्या दहा मिनिटांच्या आधी माझा फोटो बोलणार आहे.

घरात सांगितलं तर सासूबाई सुपारी कातरता कातरता थांबल्या. "हमारे नाम से बोलने तेरेकू किन बोल्या? मौलाना सब मर गए क्या?" नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, बोलणं मोजकं. तो म्हणाला, "बोल. पण व्हिडिओ होणार आहे हे धरून बोल."

दोघांचंही बरोबर होतं, आणि माझी खरी धास्ती या दोन वाक्यांच्या मधेच होती. समोर बसलेले लोक काय विचारतील ते मला पाठ होतं. तलाक, भोंगा, चार बायका, कुठंतरी झालेला स्फोट. त्याहून जास्त भीती मागच्यांची. जमातीतले लोक, नणंदा, चुलत सासरे, मोबाईलवर क्लिप बघून बोट ठेवणारे. हिला अरबी किती येतं? ही पाच वक्त पढते का? खरं सांगायचं तर जोहरची नमाज मी शाळेत जमेल तशी सामानाच्या खोलीत पढते, आणि थंडीत कधीकधी फजर कजा होते. ज्या बाईची सकाळची नमाज चुकते तिनं संध्याकाळी स्टेजवर इस्लाम सांगायचा? या विचारानं मला बरेच दिवस रात्री झोप लागली नाही.

तयारी सुरू केली. आमच्या घराच्या गच्चीवरून नळदुर्गचा किल्ला दिसतो, म्हणून पहिला मसुदा तिथूनच निघाला. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली. पावसाळ्यात त्या बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. दरवर्षी ऑगस्टमध्ये मी लेकरांना घेऊन जाते, तुषार अंगावर आले की सगळी एकदम किंचाळतात. या इब्राहिमानं 'किताब-ए-नवरस' लिहिली, त्यात सरस्वतीला वंदन आहे, लोक त्याला जगद्गुरू म्हणत. मग लिहिलं श्रीगोंद्याच्या शेख महंमदांबद्दल, ज्यांना वारकरी आपल्या संतांत मोजतात. मग धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याचा उरूस, तिथं नवस फेडायला येणारे हिंदू. मोहरममध्ये खेड्याखेड्यांत पंजे धरणारे मराठे आणि धनगर. पवनारला बसून अरबीतून कुराण वाचणारे आणि 'कुराणसार' काढणारे विनोबा.

सगळं खरं, सगळं माझ्या आवडीचं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो तांब्याची तार गुंडाळत होता. म्हणाला, "हे जामीन मागायला निघाल्यासारखं वाटतंय."

मी पुन्हा वाचलं आणि त्याचं म्हणणं पटलं. माझ्या यादीतला प्रत्येक चांगला मुसलमान चांगला होता, कारण त्यानं काहीतरी हिंदू केलं होतं. कुणी सरस्वतीला नमस्कार केला, कुणी विठ्ठलाचा झाला. उद्या त्याच स्टेजवर येणाऱ्या कीर्तनकारबुवांना आपण कुराणाचे चाहते आहोत हे सिद्ध करावं लागणार नव्हतं. इब्राहिम मला आजही प्रिय आहे, पण त्याला साक्षीदार म्हणून उभं करायचं मला नको झालं.

दुसरा मसुदा उलट्या बाजूचा. इस्लाम म्हणजे शांती, पाच स्तंभ, अमुक इस्लाममध्ये नाही, तमुक इस्लाममध्ये नाही. हा तर सरळ आरोपीचा जबाब. तोही फाडला.

एक गोष्ट मात्र हमखास टाळ्या घेणारी होती, आणि ती माझी स्वतःची होती. माझं माहेर लोहारा तालुक्यातलं, सास्तूरच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगड-मातीच्या हात-हात जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. माझी एक आत्या गेली, तिची मुलगी गेली. वडील आणि गावातली माणसं हातांनी माती उकरत होती. कुणाला पुरलं, कुणाला जाळलं, याबद्दल आमच्याकडं थोरली माणसं अजूनही पुरतं बोलत नाहीत. परिसंवाद होता त्या तारखेच्या दोनच दिवसांनी. संकटात धर्म उरत नाही, असं म्हणून मी खाली बसले असते तर सभागृह उभं राहिलं असतं. पण ती पहाट मला स्टेजवर खर्चायची नव्हती.

निमंत्रणपत्रिकेवर शिकागोचा उल्लेख होता. १८९३ ची सर्वधर्म परिषद आणि विवेकानंद आपल्याला शाळेपासून माहीत. मला प्रश्न पडला, की तिथं इस्लामच्या वतीने कोण बोललं होतं? शोधलं तर निघाला मोहम्मद अलेक्झांडर रसेल वेब नावाचा अमेरिकन माणूस. न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला, मनिलात अमेरिकेचा वाणिज्यदूत होता, तिथं असताना मुसलमान झाला. १८९२ मध्ये तो मुंबईला आला, हैदराबादलाही गेला. आपला जिल्हा तेव्हा त्याच हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. शिकागोत इस्लामची बाजू मांडण्याचं मुख्य काम त्याच्यावर आलं, आणि त्यानं बहुपत्नीत्वाचा विषय काढताच श्रोत्यांतून धिक्काराचे आवाज उठले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडं, एका गोऱ्या माणसालाही हाच प्रश्न भोवला होता. मला विचित्र धीर आला.

आणखी एक माणूस त्या दिवसांत फार आठवत होता. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, तेव्हा धाराशिवचं नाव तेच होतं, त्र्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मी दोन दिवस रजा टाकून गेले होते. 'सुबोध बायबल' लिहिणारा, वसईच्या हिरवाईसाठी लढणारा माणूस. पण निवड झाल्यापासून विरोधाचे सूर निघाले ते त्यांच्या साहित्यावर नव्हे, त्यांच्या झग्यावर. ते मराठी साहित्याचे अध्यक्ष म्हणून आले होते, ख्रिस्ती धर्माचे प्रतिनिधी म्हणून नव्हे. लोकांनी मात्र त्यांना ती खुर्ची देऊनच टाकली होती. पाठीच्या दुखण्यानं बेजार असूनही ते आले आणि आपल्याला म्हणायचं ते म्हणाले. २०२४ च्या जुलैत ते गेले.

शेवटी मी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडं गेले. म्हणजे सासूबाईंना पुढं घालून गेले, त्याशिवाय जाणं बरं दिसलं नसतं. मला वाटलं ते पुस्तकं काढतील. त्यांनी चहा मागवला. "जो करते हो वो बोलो, बहन. जो नहीं मालूम, वहां अल्लाहु आलम बोलके चुप बैठो. बड़े बड़े इमामों ने यही किया." सासूबाईंचा विरोध तिथंच निवळला. परतताना म्हणाल्या, "खाली उल्टा-सीधा नक्को बोलना."

दोन ऑक्टोबरला सकाळी शाळेत गांधीजी-शास्त्रीजींच्या फोटोला हार घातला आणि एसटीनं निघाले. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. तुळजापूरच्या अलीकडंच गाडी अडकली. भवानी ज्योत न्यायला आलेली गावोगावची मंडळं, टेम्पोवर भगवे झेंडे, अनवाणी पळणारी पोरं, हातात पेटती मशाल, बाजूनं दुचाकीवर तेलाचा डबा धरलेला दुसरा. माझ्या शेजारी बसलेली आजी खिडकीतून हात जोडत होती. मी पदराआड ओठ हलवून सूरत म्हणत होते. दोघींना एकमेकींचं काही वाटत नव्हतं.

सभागृहात स्टेजवर सात खुर्च्या. कीर्तनकारबुवा, भंतेजी, कुंथलगिरीच्या बाजूचे एक जैन गृहस्थ, बसवण्णांवर बोलणारे लिंगायत समाजाचे निवृत्त शिक्षक, एक पास्टर, नांदेडहून आलेले सरदारजी आणि मी. खुर्चीवर बसल्यावर मी पहिली गोष्ट पाहिली ती कागद. बुवांच्या हातात काही नव्हतं. मांडी घातल्यासारखे ते खुर्चीतही सैल बसले होते, दोनदा जांभई दिली. भंतेजींचे डोळे मिटलेले. पास्टरांकडं प्लास्टिकची फाईल होती, आत टाईप केलेली पानं, त्यांनी ती उलट-सुलट करून कडा मुडपून टाकल्या होत्या. मला हळूच विचारलं, "तुम्ही लिहून आणलंय?" मी माझी वही दाखवली. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. या स्टेजवर कोण किती निवांत आहे, हे धर्मावरून ठरत नव्हतं, गावात त्याची घरं किती आहेत यावरून ठरत होतं. भंतेजी तेवढे अपवाद.

माझी पाळी पाचवी. उभी राहिले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या. सलाम केला, नमस्कार केला आणि म्हणाले, "इस्लामच्या वतीने बोलायचा अधिकार मला नाही. रमजानमध्ये माझ्या शाळेत काय होतं तेवढं सांगते."

पोषण आहाराचा नियम असा, की खिचडी लेकरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची आणि रजिस्टरला सही करायची. पाळीपाळीनं हे काम सगळ्यांकडं येतं. २०२४ चा रमजान मार्चात सुरू झाला, आणि माझ्या पाळीच्या दिवशी मुख्याध्यापक मीटिंगला, दुसऱ्या मॅडम रजेवर. स्वयंपाकीण मावशी स्टीलच्या वाटीत खिचडी घेऊन दारात उभी. हळदीची पिवळी वाफ, वर मटकीचे दाणे, मीठ-मसाल्याचा वास. माझा रोजा. आता काय? तर शास्त्रात याची सोय आहे. स्वयंपाकाची तशीच गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकता येते, गिळायचं नाही. माझ्या आजीनं हे मला चुलीपाशी शिकवलेलं. मी दोन दाणे जिभेवर ठेवले, मीठ बघितलं, बाहेर जाऊन थुंकले, चूळ भरली आणि सही केली.

वर्गात आले तर एकही पोरगं ताट घेऊन उठेना. शेवटी एकानं धीर केला, "बाई, तुम्ही थुंकून टाकली. खिचडी नासली का?"

सभागृहात पहिल्यांदा हसू आलं, आणि माझ्या पायातल्या मुंग्या गेल्या.

मग तिसरीच्या वर्गाला रोजा समजावून सांगावा लागला. एक पोरगी म्हणाली, "माझी आई नवरात्रात धरते. भगर चालती का मग?" नाही म्हटलं. "पाणी?" तेही नाही. "आणि थुंकी गिळली तर?" हा प्रश्न आमच्या मोठमोठ्या आलिमांनीही सोडवलेला आहे, आणि उत्तर असं, की आपली थुंकी गिळली तर रोजा तुटत नाही. एवढं सांगितल्यावर सगळे जेवायला बसले. पण त्या महिन्यात वर्गानं माझ्यावर पहारा ठेवला. खडूची धूळ ओठाला लागली तरी ओरडा व्हायचा, "बाई, पुसा!"

शेवटी एकच सांगितलं. दुपारी उन्हात घसा कोरडा पडतो, शाळेच्या मागं नळ आहे, तिथं कुणी नसतं. ओंजळभर पाणी प्यायलं तर मौलानांना कळणार नाही, नवऱ्याला कळणार नाही, पोरांचा पहाराही तिथं नसतो. तरी मी पीत नाही. का पीत नाही ते मला नीट मांडता येत नाही. माझ्याकडं धर्म म्हणून जे काही आहे ते त्या नळापाशी आहे, बाकीचं मौलानांना विचारा. आणि बसले. दहा मिनिटं व्हायची होती.

प्रश्नोत्तरांत वेबसाहेबांचा प्रश्न आलाच. एक वयस्कर गृहस्थ, सुरुवातीलाच "वाईट वाटून घेऊ नका" म्हणाले. चार बायका. मी म्हटलं, "आमच्याकडं मोटार रिवाइंडिंगवर एकीचं भागत नाही." हशा झाला, पण हशावर निसटायचं नव्हतं. परवानगी आहे, सगळ्यांना सारखा न्याय देण्याची अटही आहे, आणि मला स्वतःला ही मुभा मान्य नाही, असं स्पष्ट सांगितलं. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर सात मुसलमान बायका मुंबईत तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मोर्चा घेऊन गेल्या होत्या, हेही सांगितलं. मागं बसलेल्या आमच्या दोन-तीन माणसांचे चेहरे आवळले. ते मला दिसलं, त्यांना दिसावं असं मीही बघितलं.

एका तरुणानं बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांबद्दल विचारलं. तिथं ऑगस्टातच सरकार कोसळलं होतं, बातम्या ताज्या होत्या. मी म्हटलं, वाईट झालं, ज्यांनी केलं त्यांना शिक्षा व्हावी. ढाक्याचा जाब नळदुर्गच्या मास्तरणीला का, हे तोंडात आलं होतं, ते बोलले नाही. पाहुणी होते. आज वाटतं, पास्टरांना कुणी असला प्रश्न विचारला नाही याचंच त्यांना हायसं वाटत असणार.

मग कॉलेजची एक मुलगी उठली. "तुमच्या धर्माप्रमाणे आमच्यासारखे लोक स्वर्गात जातात की नाही?" सभागृह एकदम गप्प. इमामसाहेबांचे शब्द कामाला आले. म्हटलं, "अल्लाहु आलम. ते त्यालाच ठाऊक. मी तर तिसरीच्या पोराला नापाससुद्धा करू शकत नाही, सरकारनं तेवढाही अधिकार ठेवला नाही." सगळ्यात मोठ्यानं बुवा हसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पदर खांद्यावर घसरलेला, त्यामुळं मुसलमान कोण ते कुणाला लांबून कळलं नसणार. क्लिप मात्र फिरली, खिचडीपुरतीच. मी ज्याची धास्ती घेतली होती, अरबी किती येतं, बाईनं बोलावं का, चार बायकांवर असं का म्हणाली, त्यातलं थोडं झालं. चुलत सासऱ्यांनी महिनाभर बोलणं टाकलं. पण आमच्या ग्रुपवर खरा वाद पेटला तो चव घेऊन थुंकण्यावर. निम्मे म्हणाले मकरूह, म्हणजे करू नये असं, निम्मे म्हणाले गरजेपोटी चालतं, कुणी व्हॉइस मेसेज टाकले, शेवटी इमामसाहेबांनी निकाल दिला. सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, ये तो हमारे घर में पहले से मालूम था.

२०२५ ला दोन ऑक्टोबरलाच दसरा आला, म्हणून संस्थेनं तारीख पुढं ढकलली आणि फोन केला. मी धाकट्या जावेचं नाव सुचवलं. ती बुरखा घालते, शिलाईकाम करते, तिचं मराठी दखनीत घोळलेलं आहे आणि कुराण ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं पढते. पलीकडं थोडा वेळ शांतता. "त्या बोलतील का?" म्हटलं, विचारून बघा.

जावेनं आधी साफ नाही म्हटलं. मग अटी घातल्या. दहा नक्को, पाच मिनिटं. प्रश्न अगोदर लिहून द्यायचे. आणि मी पहिल्या रांगेत बसायचं नाही, मला बघून तिला हसू येतं.